जाईबाईचा जांभळा मका

जाईबाई मोहिते ही आमच्या धामणकोंडात काळजी करणारी बाई म्हणून ओळखली जायची. एसटी उशिरा आली तर तिला घोर लागायचा. वेळेवर आली तरी लागायचा, आज कशी काय वेळेवर आली म्हणून. पाणवठ्यावरच्या बायका तिला हसायच्या. ती पण हसायची, आणि हसता हसताच विचारायची, "पण खरंच गो, काय झालं नसंल ना?"

तिचा नवरा गंगाराम मुंबईला गोदीत कामाला होता. मुलगी लग्न होऊन लांज्याकडे गेलेली. घरात ती आणि तिचे सासरे केरू. केरूआजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ओटीवर बसून ते चाहुलीवरून माणसं ओळखायचे. सारा जन्म त्यांनी दुसऱ्याच्या बांधावर काम केलं. स्वतःच्या नावाची वीतभर जमीन त्यांना नव्हती. म्हणून ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास सरकारने सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाथ्याच्या, उतारावरचे पडीक तुकडे भूमिहीनांना वाटले आणि त्यातला एक गंगारामच्या नावावर झाला, तेव्हा म्हातारा काठी टेकत वर गेला होता आणि मूठभर तांबडी माती धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन आला होता.

जमीन मिळाली, पण अट होती. तीन पावसाळ्यांत ती लागवडीखाली आणायची आणि घरच्यांनीच कसायची. नाही आणली, तर परत सरकारजमा.

पहिला पावसाळा दगड वेचण्यातच गेला. उतारावर कुठे कातळ वर आलेला, कुठे गुडघाभर माती. जाईबाईने एकटीने धोंडे गोळा करून दोन पट्ट्या तयार केल्या, एक खालची आणि एक वरची. दुसऱ्या वर्षी तिने नाचणी लावली. ती वीतभर झाली आणि तिथेच थांबली. उरलेली गुरांनी खाल्ली.

गुरं महिपत गोताडांची होती. महिपतदादा कुणबीवाडीतले, चांगल्या आठ-दहा जनावरांचे धनी. त्यांची गुरं वडिलांच्या काळापासून त्याच उतारावरून वर सड्यावर चरायला जात. जमिनीचं वाटप झालं तेव्हा ग्रामपंचायतीत उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, "देताव तर द्या. पन तितं काय पिकायचं नाय. फुकट माज्या ढोरांची वाट तेवडी बंद होयल." हे बोलणं जाईबाईच्या कानावर आलं होतं आणि तिथेच रुतून बसलं होतं. तिसरा पावसाळा हा शेवटचा. या वर्षी काही उगवलं नाही, तर महिपतदादांचं म्हणणं खरं होणार होतं.

त्याच उन्हाळ्यात शेतकी खात्याचे वाघमोडे म्हणून एक नवे कृषी सहायक आले. सोलापूरकडचा माणूस. पंचविशीचा, सडपातळ, उन्हाने करपलेला. आपल्याकडची चढण चढताना त्याला धाप लागायची. एका मका-योजनेसाठी त्याला गावागावांतून वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या उताराच्या जमिनीचे तुकडे हवे होते. बियाणं आणि सुपर फॉस्फेटचं पोतं खात्याकडून मिळणार होतं, पीक शेतकऱ्याचं. कुणबीवाडीत त्याला कोणी उभं केलं नाही. फिरत फिरत तो मोहित्यांच्या ओटीवर येऊन बसला.

"वहिनी, मका करा," तो म्हणाला. "कणसं होतील, वैरण होईल. काय बी काळजी करू नका."

"साहेब, तितं नाचणी धड येत नाय. मका कसा येल?"

"नाचणीला तुम्ही खत कुठं घातलं होतं? तुमच्या मातीत स्फुरद नाही. स्फुरद म्हंजे मुळांचं खाणं. सुपर टाकलं की बघा."

जाईबाई सासऱ्यांकडे बघायला लागली. केरूआजोबा म्हणाले, "माणूस आपल्या पायांनी वर आलाय. कर."

पहिला जोराचा पाऊस ओसरल्यावर तिने भाड्याच्या बैलांचं जोत लावून दोन्ही पट्ट्या नांगरून घेतल्या. वाघमोड्यांनी पोतं फोडलं. राखेसारखं करडं, खरखरीत, नाकाला आंबूस झोंबणारं ते खत सुपात घेऊन, भाताचं बी फेकतात तसं तिने सगळीकडे हाताने फेकलं. साहेबांनी सांगितलं होतं, सारखं पसरलं पाहिजे, एक वीतभर जागा सुटता कामा नये. तिने एकही जागा सोडली नाही. मग नांगराच्या तासात बी टाकलं. अर्ध्याहून जास्त पोतं शिल्लक राहिलं, ते घरात चुलीवरच्या माळ्यावर ठेवून दिलं.

मका उगवला. इतका छान उगवला, की जाईबाईला भीती वाटली. ती रोज सकाळी भाकरीचं पीठ मळायच्या आधी वर जाऊन यायची. दोन पानं, तीन पानं, हिरवीगार. खाली उतरून सासऱ्यांना सांगायची, आणि ते मान हलवायचे.

मग आषाढातली ती झड लागली. चार-पाच दिवस वाटेतल्या वहाळाला इतकं पाणी होतं, की वर जायला वाट नव्हती. पाऊस थोडा उघडला तशी ती इरलं डोक्यावर घेऊन धावत गेली, आणि बांधावरच थांबली. पानांच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या. करवंदाचा रस लागावा तशा. वाकून बघितलं, तर खालच्या पानांचे देठही जांभळे. सगळी रोपं होती तिथेच खुंटलेली. वरच्या पट्टीतली तर नुसती काळीजांभळी काडी दिसत होती.

एकदा तिने नाचणी गमावलेली होती, पण नाचणी पिवळी पडली होती. पिवळं पडणं माणसाला समजतं. हे जांभळं काय, हे तिने जन्मात बघितलं नव्हतं.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. वाडीतला रावजी म्हणाला, खताने जमीन भाजली, आता तिथे गवतही येणार नाही. पाणवठ्यावर कोणी म्हणालं, तो पाला शेळ्यांना घालू नको गो, विष असेल. जाईबाईच्या दोन शेळ्या होत्या. त्या दिवसापासून ती त्यांना दाव्याला बांधून ठेवायला लागली, आणि त्या ओरडल्या की पळत बघायला जायची, मरतात की काय म्हणून. रात्रीचं तिचं जेवण सुटलं.

वाघमोडे आले. बांधावर उकिडवे बसले. एक रोप उपटून मुळं बघितली, पान उलटसुलट केलं. मग दुसरं उपटलं.

"साहेब, काय झालं?"

ते मुळांची माती झटकत राहिले.

"खत जास्त झालं का? मी सारखं टाकलं व्हतं. तुमी सांगितलंत तसं."

"तुमची काय चूक नाही वहिनी."

"मंग?"

"मला विचारून यावं लागेल," असं म्हणून ती दोन रोपं त्यांनी पिशवीत घातली आणि उतारावरून घसरत, सावरत खाली गेले.

ते गेले ते आलेच नाहीत. आठवडा गेला. जाईबाई एसटीच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभी राहायची. आरे-वाऱ्याकडची सुकी मासळीवाली उतरायची, शाळेचे गुरुजी उतरायचे, वाघमोडे उतरायचे नाहीत. रावजी म्हणाला, "पळाला तो. बदली करून घेतली आसंल." आणि त्याच सुमारास तलाठ्याचा माणूस येऊन सांगून गेला, की वाटप केलेल्या जमिनींची पाहणी करायला श्रावण संपायच्या आत तलाठ्याच्या वरचे सर्कल साहेब येणार आहेत.

त्याच दिवसांत गंगाराम चार दिवसांची सुट्टी काढून घरी आला. पाहणीचं त्याला ठाऊक नव्हतं, बापाला बघायला आला होता. जाईबाई त्याला वर घेऊन गेली. त्याने त्या दोन्ही पट्ट्यांकडे बघितलं. 

"सोड ही जमीन," तो म्हणाला.

"सोडून?"

"बाबाला घेऊन तितं चल. शिवडीला खोली हाय. चौघं ऱ्हातात तितं सहा ऱ्हातील. हितं धोंडे वेचून तुजे हात बग कसे झालेत."

"मामंजींना तितं काय दिसंल?"

"हितं तरी काय दिसतंय त्यांना?"

"हितली वाट पायाला ठाव हाय त्यांच्या," जाईबाई म्हणाली. "अवो, तुमचं नाव लागलंय ह्या जमिनीला. आपल्यात कुनाचं तरी पैल्यांदा लागलंय."

गंगाराम वळून खाली उतरायला लागला. त्याला राग आला होता की वाईट वाटलं होतं, हे तिला कळलं नाही. सुट्टी संपली तसा तो गेला. जाताना एवढंच म्हणाला, "तुला जमल ता कर. नाय जमला तर मी काय बोलनार नाय." या बोलण्याने तिला धीर यायला हवा होता. तिला उलट जास्त भीती वाटली. आता जे होईल ते तिचं एकटीचं होतं.

गंगाराम गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी वाघमोडे आले. भिजून चिंब. खांद्यावर एक पिशवी. ते पळाले नव्हते. आधी रत्नागिरीत कचेरीत विचारलं, तिथे कोणाला नीट सांगता येईना, म्हणून ती रोपं घेऊन ते थेट दापोलीला कृषी विद्यापीठात गेले होते, आणि तिथून येऊन तापाने पडले होते.

ओटीवर बसून, काळ्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून त्यांनी सांगितलं. "वहिनी, मी शिकलो ते आमच्या काळ्या मातीत. तिथली रीत मी इथं केली, ती चुकली. तुमच्या या तांबड्या मातीत लोखंड भारी. सुपर टाकलं की ही माती त्याला धरते आणि सोडतच नाही. आपण सगळ्या जमिनीवर पसरलं, म्हंजे सगळ्या मातीच्या तोंडी दिलं. मातीनं खाल्लं. रोपाला काय उरलंच नाही. उपाशी रोप असं जांभळं पडतं."

"म्हंजे विष नाय?" जाईबाईने पहिल्यांदा हेच विचारलं.

"विष कसलं? भूक आहे ती."

केरूआजोबा म्हणाले, "मंग आता?"

"आता पसरायचं नाही. सरीत ओळीनं घालायचं, बियाच्या कुशीला. नुसतं सुपर नाही, कुजलेल्या शेणखतात कालवून. शेणखत असलं की मातीचा हात लवकर लागत नाही त्याला. वर बोटभर माती, मग बी. बियाला खत चिकटता कामा नये, नाहीतर कोंब जळतो." त्यांनी पिशवी पुढे सरकवली. तिच्यात बियाणं होतं. "वरची पट्टी उपटून टाका आणि परत पेरा. खालच्या पट्टीला ओळीच्या बाजूनं चर काढून तेच मिश्रण देऊ. तिथं थोडंफार सुधारेल. पण वरची गेली."

जाईबाईने हातातला कप खाली ठेवला. "साहेब, सर्कल येनार हायत पाहनीला. श्रावण संपायच्या आत. आता जांभळा का आसंना, मका उभा हाय. मी उपटला आनि तेवढ्यात ते आले तर?"

"ते कधी येणार?"

"कोन सांगनार?"

"उगवून यायला आठवडा. नजरेत भरायला महिना तरी."

"येल ना पन?"

वाघमोड्यांनी मान खाली घातली. मागच्या वेळी त्यांनी 'काय बी काळजी करू नका' म्हटलं होतं. या वेळी म्हणाले, "येईल असं वाटतं."

त्या संध्याकाळी ती वर जाऊन पट्टीच्या मधोमध उभी राहिली. वाकून एक रोप धरलं, सोडलं. परत धरलं. ते मेलेलं नव्हतं, हाच त्रास होता. मेलेलं असतं तर हात उचलायला वेळ लागला नसता. शेवटी तिने डोळे मिटून पहिलं उपटलं आणि मग थांबलीच नाही. अंधार पडेस्तोवर वरची पट्टी रिकामी झाली होती. घरी आल्यावर केरूआजोबांनी विचारलं, "केलंस?" ती म्हणाली, "केलं," आणि चुलीपुढे बसून रडली.

आता शेणखत हवं होतं. शेळ्यांच्या लेंड्यांनी दोन ओळी झाल्या असत्या. सुपर तर घरात होतं, पण माळ्यावर चुलीच्या उबेत आणि पावसाच्या ओलीत पोत्यातल्या पोत्यात त्याचे दगड झाले होते. ते ती पाट्यावर कुटत होती, तेव्हा तिला महिपतदादांच्या बायकोची आठवण झाली. राहीवहिनींच्या गोठ्यामागे उकिरडा कमरेएवढा होता, जुना, काळा, भुसभुशीत.

राहीवहिनींची लावणी मागे राहिली होती. माणसं मिळत नव्हती. जाईबाईने अंगणाच्या कडेला उभं राहूनच विचारलं. राहीवहिनींनी लगेच हिशोब जमवला. "माज्या मळ्यात लावनीला ये. जाताना पाटी भरून ने. किती न्यायचं तितकं ने, फकस्त आमच्या ह्यांच्या म्होरं नको."

ती दिवसभर चिखलात वाकून भात लावायची, आणि परत जाताना डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन चढ चढायची. पाटीतून काळं पाणी गालावर ओघळायचं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी गोठ्यामागून पाटी उचलून ती वळली, तर समोर महिपतदादा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"कुटं चाललं ह्ये?"

राहीवहिनी आतून आल्या. "तिनं लावनी केलीय. मजुरीचं हाय ता."

महिपतदादांनी पाटीकडे बघितलं, मग उताराकडे. "वा! माज्याच गोठ्यातलं शेन न्या आनि माजीच वाट बंद करा."

जाईबाईने पाटी खाली ठेवायला हात वर केले. राहीवहिनी ओरडल्या, "ठेवू नको! जा तू. उभी काय ऱ्हातेस, जा!" आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मानसं मिळाली व्हती तुमाला लावनीला? मंग गप ऱ्हावा."

ती गेली. पाठीमागून काठी आदळल्याचा आवाज आला, ती दारावर आदळली की जमिनीवर, हे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

वाघमोडे आणि ती, दोघांनी मिळून वरची पट्टी परत पेरली. तिने चर काढायचा, त्यात शेणखतात कालवलेलं सुपर मुठीने सोडायचं, त्यांनी बोटाने माती ओढायची, मग बी, मग परत माती. साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. खालच्या पट्टीत रोपांच्या ओळीलगत खुरप्याने चर मारून तेच दिलं. काम संपल्यावर ते म्हणाले, "आता मला दहा-पंधरा दिवस जमणार नाही वहिनी. आई आजारी आहे. गावाकडं जातोय." तिने मान हलवली. मनात म्हणाली, आता सर्कल साहेब आलेच म्हणून समजायचं.

पण ते आले नाहीत. रोज ती रस्त्याकडे कान लावून काम करायची. जीपचा आवाज झाला की हातातलं टाकून उभी राहायची. एकदा आरोग्य केंद्राची जीप आली, तर ती अर्ध्या वाटेपर्यंत धावत गेली.

नवे कोंब वर आले. तिने स्वतःला बजावलं, की हिरव्याने हुरळून जायचं नाही, मागच्या वेळी पण हिरवेच होते. तिसरं पान आलं. परत मोठा पाऊस लागला. या वेळी वहाळ भरलेला असतानाही ती दगडांवरून पलीकडे गेली. चौथं पान हिरवं. पण बुंध्याशी, मातीला लागून, लालसर झाक. ती एक रोप तिथल्या तिथे उपटून पदरात घेऊन घरी आली, पार गळपटलेली.

"मामंजी, परत झालं."

केरूआजोबांनी हात पुढे केला. रोप बोटांनी चाचपलं, बुंधा, मग पानं, एक एक पान दोन बोटांत धरून. "मागचं पान मी धरलं व्हतं. कागदागत व्हतं. ह्ये जाड हाय." मग त्यांनी मुळांना हात लावला. "आनि ह्येला मुळं किती हायत बग. उगा उपटलंस गो चांगलं रोप."

तिने मुळांकडे बघितलंच नव्हतं. पांढऱ्या मुळांचा झुबका होता, आणि त्यात शेणखताचे काळे कण अडकलेले. मागच्या रोपांना चार केस होते. ती तशीच परत वर गेली आणि ते रोप होतं तिथे लावून आली. ते जगलं नाही, पण बाकीची वाढत गेली.

श्रावण संपला. पाहणी काही झाली नाही. भाद्रपदात, गौरी-गणपती आटोपल्यावर, ध्यानीमनी नसताना सर्कल साहेब आले. बरोबर तलाठी, आणि पंच म्हणून पोलीस पाटलांनी वाटेत भेटलेल्या दोघांना घेतलं होतं. एक रावजी. दुसरे महिपतदादा.

जाईबाई लोकांच्या बांधावर गवत कापत होती. कोणीतरी हाक मारली तशी विळा हातात घेऊनच ती धावत सुटली. पोचली तेव्हा सर्कल खालच्या पट्टीत उभे होते. तिथला मका जेमतेम कमरेपर्यंत आला होता, अजून जांभळट, कुठे फटी पडलेल्या.

"हे पीक म्हणायचं?" सर्कल म्हणाले.

"साहेब, वर बगा. वर पन हाय."

छत्री सांभाळत ते वर चढले. वरच्या पट्टीतला मका त्यांच्या खांद्याला लागत होता. गडद हिरवा, बोटभर जाडीचे बुंधे. सर्कल साहेबांनी एक पान हातात घेतलं. जाईबाईने हातातला विळा खाली ठेवला, आणि तेवढ्यात ते म्हणाले, "खातेदार कोण? गंगाराम केरू. कुठे आहे?"

"मुंबैला हायत."

"मुंबईला काय करतो?"

"गोदीत हायत कामाला."

सर्कल तलाठ्याकडे वळले. "म्हणजे हा स्वतः कसत नाही."

सारा पावसाळा जाईबाई पानांच्या रंगाची काळजी करत होती. ही काळजी तिने केलीच नव्हती. "मी करते ना साहेब. मी त्यांचीच बायको."

"हे तुम्ही म्हणता. दुसऱ्याला कसायला दिली नाही कशावरून? पंच काय म्हणतात?"

रावजी घशातल्या घशात काहीतरी बोलला, की आपण दिवसभर कामाला जातो, आपल्याला नक्की काय माहीत. सर्कल महिपतदादांकडे बघायला लागले. "तुमचं काय? तुमची जमीन शेजारीच ना?"

महिपतदादा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. त्यांनी जाईबाईकडे बघितलं नाही. मक्याकडे बघत होते. पाऊस छत्रीवर वाजत होता. ते बोलायला इतका वेळ लावत होते, की जाईबाईने मनातल्या मनात शिवडीच्या खोलीत सासऱ्यांचं अंथरूण कुठे घालायचं हेही ठरवून टाकलं.

"तीच करते," महिपतदादा शेवटी म्हणाले. "मी सकाळी वळसा घालून ढोरं नेतो तवा ही हितंच असते. धोंडे हिनंच वेचले. शेन आमच्याच गोठ्यातनं हिनंच व्हायलं. दुसरा कोन आलेला मी बगितला नाय."

"ठीक आहे."

"पन साहेब, आनिक एक लिवा. माज्या ढोरांची वाट बंद झालीय. ता पन लिवा."

"ते ह्या कामात येत नाही."

"का येत नाय? मी खरं बोललो ता लिवताव, मंग ह्ये पन खरंच हाय!"

सर्कल वैतागले, तलाठी हसला. शेवटी तलाठ्याने समजूत घातली, अंगठे-सह्या झाल्या आणि मंडळी खाली उतरली. महिपतदादा बडबडत मागे राहिले. जाईबाईला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण त्यांचा चेहरा बघून तिला धीर झाला नाही.

ती म्हणाली, "दादा, कडेनं वाट सोडीन मी. ह्यांना मे म्हयन्यात येऊ दे, दगडांचा गडगा घालताना सोडीन."

"बगू," असं म्हणून महिपतदादा गेले.

जमीन राहिली. तिने वाटही सोडली, एक गाय जाईल इतपत. त्यावरून महिपतदादा आणि ती पुढे कित्येक वर्षं भांडत होती, वाट अरुंद म्हणून.

वरच्या पट्टीला दिवाळीच्या आसपास कणसं आली. काही माकडांनी नेली. उरली ती उकडून, भाजून वाडीत वाटली, आणि वाळवून दळलीही. खालच्या पट्टीची कणसं दातपडक्या म्हाताऱ्यासारखी होती, मध्ये मध्ये दाणा नाही. तिथली वैरण राहीवहिनींच्या म्हशीला गेली. वाघमोडे ऑक्टोबरात परत आले, दाढी वाढलेली. त्यांची आई गेली होती. त्यांनी मुठीत कणीस धरून बघितलं आणि पुढच्या वर्षी दोन्ही पट्ट्यांत चर काढून पेरायचं, एवढंच बोलले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. तोपर्यंत कुणबीवाडीतले दोघेतिघे नाचणीलाही सुपर शेणखतात कालवून ओळीने द्यायला लागले होते. ते जाईबाईला विचारायला आले, तेव्हा तिने सांगितलं, आणि वर म्हणाली, "पन माज्या भरवशावर करू नका हां. नाय आलं तर?"

ती तशीच राहिली. जमीन कायम झाली, गंगाराम गोदी सोडून घरी आला, उताराच्या कडेने त्याने काजूही लावले, तरी दर पावसाळ्यात मक्याला तिसरं पान फुटलं, की जाईबाईचं जेवण कमी व्हायचं. गंगाराम चिडायचा. म्हणायचा, इतकी वर्षं आलं ते आता का नाही येणार? ती इरलं उचलायची, म्हणायची, "तसं नाय वो, नुसतं बगून येते," आणि चढाला लागायची.